गाडीला जोडलेला काकांचा फोन

आमच्या गाडीचा स्टिरिओ तीन फोन ओळखतो. एक माझा. एक माझ्या काकांचा. आणि तिसरा अशा माणसाचा, जो या गाडीत आयुष्यात एकदाच बसला, तोही जेमतेम अर्धा तास. तो तिसरा फोन मी यादीतून अजून काढलेला नाही. का ते आत्ताच विचारू नका, ऐकलंत की कळेल.

गाडी माझ्या बाबांची. जुनीच घेतलेली, पांढरी, डाव्या दाराला पोचा आलेला. बाबा गेले आणि गाडी दारात उभी राहिली. आईने तिच्यावर ताडपत्री टाकली, वर दोन विटा ठेवल्या, आणि कोंबड्यांना आयतं घर मिळालं. सहा महिने मी ते बघितलं. मग एक दिवस डोकं फिरलं, विटा फेकल्या, कोंबड्या हाकलल्या आणि मुरबाडला ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं. पहिल्यांदा गाडी घेऊन धसईच्या बाजारात गेले तेव्हा भाजीवाल्या बायका तराजू हातात धरून बघत राहिल्या. माझ्या शेजारी काका बसले होते, काच पूर्ण खाली करून. ओळखीच्याला हात, बिनओळखीच्यालाही हात. "आमची पोरगी," एवढंच सांगत होते, कुणी विचारलं नाही तरी.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. आमचं अंगण एक, घरं दोन. त्यांना मूलबाळ नाही आणि काकीही लवकर गेली, त्यामुळे त्यांची सगळी माया माझ्या वाट्याला आली. लहानपणी मला ताप आला की आई भाताच्या कामावर आणि काका माझ्या उशाशी. आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. काका हळदीचे गाणारे. आमच्याकडे लग्नाला हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं काम. मांडवात बेंजो लागतो, बायका नवरीला हळद लावतात आणि कुणीतरी गळा मोकळा करून गातो. सरळगावपासून टोकावड्यापर्यंत तो कुणीतरी म्हणजे आमचे काका. लोक हळदीची तारीख धरण्याआधी काकांना विचारायचे. मला ते नेहमी म्हणायचे, "तुझ्या हळदीला असा गाईन ना गो, का मांडवाचे खांब रडतील." मी म्हणायचे, खांब राहू द्या, आधी नवरा शोधा.

चार वर्षांपूर्वी किन्हवलीच्या बाजूची एक सोयरिक आली. सगळं जमलं होतं. साखरपुड्याचं बोलणं चालू होतं आणि एकाएकी तिकडून फोन यायचेच बंद झाले. काकाच मध्यस्थ. ते जाऊन आले, ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "पत्रिका जुळत नाय म्हनतात." मला त्या मुलाचं फारसं काही वाटलं नव्हतं, खरं सांगते. पण नकार तो नकार. चार बायका विहिरीवर कुजबुजतात, आई भाकरी थापताना डोळे पुसते. आठ दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. नवव्या दिवशी काका म्हणाले, "चल, मुरबाडला जाऊ. गाडी काढ." आणि मुरबाडला एका दुकानात नेऊन त्यांनी माझ्या गाडीला नवा स्टिरिओ बसवला. जुना नुसता रेडिओ होता, तोही खरखरणारा. नवा फोनला जोडता येणारा, निळे दिवे लागणारा. "तुझ्या मनाला जरा बरं वाटेल," म्हणाले. मला रडू आलं. काकांसारखा माणूस नाही, असं मी आईला सांगितलं. अजून आठवतं मला, याच शब्दांत सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, शहापूरला. मी शहापूरलाच एका वकिलांकडे टायपिंगला जाते. मग काय, सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी साडेसहाला गाडी काकांच्या दारात. आठला त्यांना मशीनवर सोडायचं, मी कामावर, आणि चारला त्यांना घेऊन परत. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. घरचं माणूस आहे, नेणार कोण? मीच.

पहिल्या आठवड्यात त्या रस्त्यावर आम्ही दोघं गप्प असायचो. त्यांच्या हाताला सुया टोचून टोचून गाठी आलेल्या, तिकडे बघवायचं नाही. मग मी म्हटलं, काका, गाणी लावूया. त्यांच्या फोनमध्ये त्यांचीच गाणी होती. कुणी कुणी मांडवात मोबाइल धरून घेतलेली, मागे पोरांची रड, भांड्यांचा आवाज, बेंजो, आणि या सगळ्यावरून काकांचा खणखणीत गळा. आता तो गळा राहिला नव्हता. दोन ओळी म्हटल्या की धाप लागायची.

त्यांचा फोन स्टिरिओला जोडायचा म्हणजे मोठं दिव्य. "यात वायर कुठं हाय?" वायर नसते काका. "मंग आवाज जातो कुठून?" हवेतून. "काय पन सांगते ही." तीन दिवस मी रोज जोडून दिला. चौथ्या दिवशी चिडून एकदाचं असं करून ठेवलं की काका गाडीत बसले की फोन आपोआप जुळेल. त्यानंतर ते बसायचे, पट्टा लावायचे, आणि स्टिरिओतून त्यांचाच दहा वर्षांपूर्वीचा आवाज नवरीला मांडवात बोलवायला लागायचा. काका डोळे मिटायचे. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर ताल धरायची. सरळगाव गेलं, किन्हवली गेली तरी कळायचं नाही. फोन आला की गाणं थांबायचं, मी स्टिरिओचं बटण दाबायचे, बोलणं गाडीभर ऐकू यायचं, आणि फोन संपला की गाणं जिथं थांबलं तिथून पुन्हा सुरू. काकांना याची फार गंमत वाटायची. "शहाणी हाय पेटी," म्हणायचे. "जागा नाय चुकवत."

गेल्या हिवाळ्यात दुसरी सोयरिक आली. मुलगा उंबरमाळीच्या बाजूला आश्रमशाळेत मास्तर. सोबत त्याची आई आणि मामा. मामा म्हणजे घरातला कर्ता माणूस आणि आवाज असा, की शेजारच्या आळीत पाहुणे कोण आलेत ते कळावं. पोहे झाले, चहा झाला, नाव-गाव-शिक्षण सगळं विचारून झालं. मग कुणीतरी म्हणालं, पोरांना काय बोलायचं असेल तर बोलू द्या. आमच्या दोन खोल्यांत अठरा माणसं, बोलणार कुठे? तोच म्हणाला, "गाडीत बसू या का?"

अंगणात गाडी, गाडीत आम्ही दोघं, आणि ओट्यावर सगळं खानदान आमच्याकडे तोंड करून. काच खाली, कारण वर केली तर चर्चा. काका तर गाडीपासून पाच पावलांवर जांभळीला टेकून उभे. तो हसला. खिशातून फोन काढला, म्हणाला, "जरा जोडता का हा? गाणं लावलं की बाहेर ऐकू नाही जाणार." मी जोडला. त्याने काय लावलं होतं ते मला आठवत नाही. तो नीट बोलत होता आणि मध्येच हसत होता, तेवढं आठवतं.

मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, माझी एकच अट आहे. माझे काका डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीनदा त्यांना शहापूरला मी नेते. लग्न झालं तरी मीच नेणार. चालत असेल तर पुढे बोलू. म्हटलं आणि खाली बघत बसले. वाटलं, गेलं हेही. तर तो म्हणाला, "मग मला पण शिकवाल का गाडी? तुम्हाला बरं नसलं तर मी नेईन त्यांना." अहो, काय सांगू तुम्हाला. मी तोपर्यंत स्वतःला फार कडक बाई समजत होते. त्या क्षणी समोरच्या काचेवर कोंबडीची विष्ठा दिसत होती आणि मला तीही छान वाटली.

हे मी काकांना सांगितलं नाही. आपल्यासाठी पोरगी अटी घालते म्हणून ते लाजले असते, ओशाळले असते. म्हटलं, ठरलं की सांगू. ही माझी चूक, आणि ती मी मान्य करते.

जाताना मामा आईला म्हणाले, "आमची पसंती समजा. दोन दिवसांत फोन करतो." दोन दिवसांचे आठ झाले. माझ्याकडे त्याचा नंबर नव्हता. आमच्यात असे नंबर पोरीकडे नसतात, मध्यस्थाकडे असतात. सगळे नंबर काकांकडे. मी रोज विचारायचे, तोंड वर न करता. "आला का हो फोन?" काका म्हणायचे, "येल गो. मोठी मानसं हायत, टाइम लागतो." आणि डोळे मिटून गाणं ऐकायचे.

नवव्या दिवशी शुक्रवार होता. किन्हवलीच्या पुढे एक टपरी आहे, तिथं आम्ही नेहमी दोन मिनिटं थांबतो. काकांना पाणी मोजून प्यायचं असतं, चहा तर घोटभरच. तो घोट त्यांना त्या टपरीवरचाच लागतो. ते उतरले. मी गाडी चालूच ठेवली, काचा वर, एसीची घरघर. स्टिरिओवर हळद चालली होती. तेवढ्यात गाणं थांबलं आणि रिंग वाजली. फोन काकांच्या खिशात होता. समोरच्या काचेतून दिसत होतं मला, त्यांनी फोन काढला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला, माझ्याकडे पाठ केली आणि बटण दाबून कानाला लावला.

आणि गाडीभर आवाज घुमला. "हॅलो! मी मामा बोलतो, उंबरमाळीवरून!"

काका बाहेर "हॅलो, हॅलो" करत होते. त्यांना काही ऐकू येणार कसं? फोन गाडीला जोडलेला होता. आवाज सगळा माझ्याजवळ. आमच्या भागात फोनवर ऐकू आलं नाही की माणूस एकच गोष्ट समजतो, रेंज गेली. टपरीशेजारी एक मोठा दगड आहे, त्याच्यावर उभं राहिलं की रेंज येते हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. काका त्या दगडावर चढले. फोन उंच धरला, पुन्हा कानाला लावला. मी म्हणणार होते, मामा, काका खाली उतरलेत, देते त्यांना. तोंड उघडलंही होतं.

"तुमचा आवाज येत नाय!" मामा ओरडले. "नुसती घरघर येते! माझा येतोय ना? मंग ऐका नुसतं, बोलू नका! तुमी पोरीचं सांगितलं त्यावर आमच्या घरात बोलनं झालं. तिला फिट येतात म्हनल्यावर पोराच्या आईचं मन होत नाय. पोरगा ऐकत नव्हता, आठ दिवस भांडला आमच्याशी. पन आमी समजावला. तुमी घरचं मानूस असून खरं सांगितलंत, उपकार झाले तुमचे. दुसऱ्या कुनी लपवलं असतं. नकार आमी तुमच्याच तोंडून कळवू, पत्रिकेचं कारन सांगा, पोरीला वाईट नको वाटायला. आन एक सांगू? तिला गाडी चालवायला देऊ नका हो. कधी काय होईल सांगता येत नाय."

फोन बंद झाला. गाणं जिथं थांबलं होतं तिथून सुरू झालं.

फिट. मला. मला आयुष्यात कधी फिट आलेली नाही. उन्हात भात लावताना बायका चक्कर येऊन बसतात, मला तेवढंही झालं नाही. आमच्याकडे याला भांजी मारणं म्हणतात. जुळत आलेल्या सोयरिकीत कुणीतरी हळूच जातं, दोन शब्द टाकतं, आणि सोयरिक मोडते. भांजी मारणारा नेहमी कुणी जळणारा शेजारी असतो, लांबचा भाऊबंद असतो. किन्हवलीची सोयरिक मोडली त्यावरून आई चार वर्षं समोरच्या घरातल्या म्हातारीला शिव्या देत होती. आणि भांजी मारणारा माझ्या शेजारच्या सीटवर बसून घोटभर चहासाठी थांब म्हणत होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी टपरीसमोर बसून शिकले.

काका परत आले, बसले, पट्टा लावला. "रेंजच नाय मेली," म्हणाले. "कोन होता काय कळला नाय."

मी गाडी काढली. एक वळण गेलं, दुसरं गेलं. सागाची झाडं लागली तिथं गाडी कडेला घेतली. गाणं चालू होतं, तसंच राहू दिलं.

"मामा होते," मी म्हटलं. "मला फिट येतात म्हणून नकार कळवत होते. आवाज गाडीत आला, काका. सगळा."

काकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग स्टिरिओकडे. त्या पेटीने चहाडी केल्यासारखं तिच्याकडे बघत राहिले. "कोन म्हनला असा? मी नाय असा बोललो." मी इंजिन बंद केलं. "त्या मानसाला दुसऱ्या कुनीतरी..." मग त्यांचा चेहरा पडला. "तू गेलीस तर मला कोन नेईल गो?" ते म्हणाले. "आठवड्यातून तीन टाइम. एसटीत उभा राहून जाऊ? सुया टोचून घेऊन एसटीतून येऊ? वरीस-दोन वरीस हाय माझा. तेवढा थांबलीस तर तुझा काय जाईल?"

मला वाटलं होतं मी ओरडेन. मी ओरडले नाही. मी त्यांना तेव्हा सांगितलं, गाडीत काय बोलणं झालं होतं ते. अट सांगितली. तो गाडी शिकणार होता ते सांगितलं. तुम्हाला नेण्यासाठी शिकणार होता, काका. काकांनी ते ऐकलं आणि त्यांचा हात पट्ट्यावर गेला, नुसताच, सोडला नाही की ओढला नाही.

"आणि फिट येणाऱ्या पोरीच्या शेजारी तुम्ही कसे बसता हो रोज?" मी विचारलं. "भीती नाही वाटत?"

त्यांचा हात पट्ट्यावरून खाली आला.

"आणि किन्हवलीचं? तेव्हा तर तुम्ही धडधाकट होता. तेव्हा कुठं होती मशीन?"

काका खिडकीतून बाहेर बघायला लागले. मग माझी नजर स्टिरिओच्या निळ्या दिव्यांवर गेली आणि मला मुरबाडचं ते दुकान आठवलं. तुझ्या मनाला जरा बरं वाटेल. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नकार त्यांनीच आणला आणि समजूतही त्यांनीच घातली, आणि ती समजूत मी चार वर्षं गाडीत वाजवत होते.

"त्याला फोन लावा," मी म्हटलं. "मास्तरला. मामाला नाही, त्याला. सांगा, खोटं होतं. एवढं एक वाक्य बोला, मी आयुष्यभर तुम्हाला नेईन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही. बाबांची शपथ घेऊन सांगते."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. नंबर मीच शोधला, मीच लावला. गाणं थांबलं. गाडीत रिंग वाजायला लागली. चौथ्या रिंगला त्याने उचलला. मागे पोरांचा गलका होता, शाळा भरत असावी.

"हॅलो, काका?"

"मी बोलतेय," मी म्हटलं. "काका शेजारी आहेत, तेही ऐकतायत. मास्तर, मला फिट येत नाहीत. कधीच आलेल्या नाहीत. मी आत्ता गाडी चालवत इथवर आलेय."

तो लगेच म्हणाला, "मला वाटलंच होतं." त्या तीन शब्दांवर मी अजून जगते, हसायचं तर हसा. मग म्हणाला, "पण घरी ते माझं ऐकत नाहीत. काका, तुम्ही एकदा बोला ना. तुम्ही बोललात तर मामा ऐकतील. तुम्हीच सांगितलं होतंत."

मी काकांकडे बघितलं. गाडीत काही लपत नाही, फोनही नाही आणि श्वासही नाही. त्यांचा श्वास आम्हाला दोघांनाही ऐकू येत होता. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. किन्हवलीहून आले होते तेव्हा ठेवली होती, तशीच. त्या माणसाला पंधरा गावं ओळखतात. त्याने एका पोराला फोनवर सांगायचं होतं, मी खोटं बोललो. मला वाटलं, सांगतील. खरंच वाटलं. एवढं झाल्यावरही मला खात्री होती, याचंच माझं मला हसू येतं.

"मास्तर," काका हळू आवाजात म्हणाले. किती मायेने म्हणाले! माझ्या उशाशी बसायचे तेव्हा याच आवाजात बोलायचे. "तिला नंतर आठवत नाय वो."

मी काय बोलणार होते? आठवतं म्हणणार होते? नाही आठवत म्हणणार होते? काहीही बोलले असते तरी ते फिट येणाऱ्या बाईचंच बोलणं ठरलं असतं. पलीकडे शाळेची घंटा झाली. पोरं ओळीने उभी राहत असावीत, गलका थांबला.

"बरं," तो म्हणाला. मग म्हणाला, "काळजी घ्या." ते मला म्हणाला की काकांना, कळलं नाही. फोन ठेवला.

आणि गाणं जिथं थांबलं होतं तिथून सुरू झालं. बेंजो, भांडी, पोरांची रड, आणि काकांचा भरदार गळा कुणाच्या तरी पोरीला हळदीला बोलवत होता. काकांनी टोपी डोक्यावर ठेवली. डोळे मिटले. आणि त्यांची बोटं, सवयीने असेल, गुडघ्यावर ताल धरायला लागली.

मी गाडी चालू केली. मशीनची वेळ आठची होती, उशीर झाला की नंबर दुसऱ्याला देतात. आठला पाच कमी असताना पोचवलं. दार उघडून दिलं, पायरीशी हात दिला, रोज देते तसा. पायरी चढून गेल्यावर त्यांनी मागे वळून बघितलं.

"चारला ये गो," म्हणाले.

मी चारला गेले.